कौसल्येची दुर्बीण

रहाटणीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात चऱ्होलीचं एक वयस्कर जोडपं माझ्या मागच्या बाकावर बसलं होतं. बाईंची नजर आता परत येणार नाही, असं डॉक्टर नुकतेच सांगून गेले होते.

“कौसल्ये, ही नवी दुर्बीण हातात धर. जुनीपेक्षा हलकी हाय.”

“व्हय, हाताला चांगली बसती.”

“जुनीत कडंला सगळं पुसट दिसायचं. हिच्यात पाखराचं पीस न् पीस दिसतं.”

“जुनी तरी कुठं दिली मला? पाडशील म्हणायचा.”

“ही तुझ्यासाठीच घेतली गं.”

“ऱ्हाऊ द्या. उद्या नदीवर जाऊ. तुमी बघा आन् मला सांगा.”

“मला न्हाई तसं सांगता येत.”

“मग शिका की आता.”