बाटलीवरची बारीक अक्षरं

तुम्हाला सांगतो, मी शाळेची पायरी चढलो नाही, पण परवा करंजाड्यातल्या मेडिकलमध्ये औषधाची बाटली तपासली. माझ्या नातीला, अश्विनीला, क्रोन्स म्हणून आतड्यांचा आजार आहे. मागच्या खेपेला ताकदीच्या गोळ्या आणल्या. त्यांत साखरेऐवजी सॉर्बिटॉल घातलेलं. पोर चार दिवस पोट धरून पडली. म्हणून या वेळी तिने ते नाव इंग्रजीत, छापील अक्षरांत चिठ्ठीवर लिहून दिलं.

मेडिकलवाला म्हणाला, "आजोबा, ही घ्या बिनधास्त. शुगर-फ्री आहे, काही होत नाही."

मी चिठ्ठी बाटलीला लावली आणि एकेक अक्षर जुळवत उभा राहिलो. मागे रांग वाढली.

"आजोबा, आटपा की!" मेडिकलवाला म्हणाला.

"थांब रं बाला. ह्ये बग, चिठ्ठीवरची आठ अक्षरं, आठी हितं हायेत."

त्याने चष्मा लावून पाहिलं आणि तो ओशाळला. बाटली मागे ठेवत म्हणाला, "खरंच आहे की! तुम्हाला इंग्लिश वाचता येतं?"

"नाय रं. वाचता आलं असतं, तर मी पन तुज्यावानी न वाचताच मोकला झालो असतो."