एका हातानं रोवायची बेचकी

अक्का : तेच स्टँड द्या, तीन पायांचं. भारदस्त दिसतंय.

दुकानदार : नजर आहे हं तुमची! गळाच्या तीन काठ्या एकदम ठेवा, वारा येऊ दे, वादळ येऊ दे, जागचं हलणार नाही. वर घंटीसुद्धा आहे. मासा लागला की वाजते.

शिंपी : तीन ठेवू कुठून? माझ्याकडे एकच काठी उरलीय.

अक्का : उरलीय, कारण दुसरी तळ्यात आहे. ह्यानं ती दोन दगडांवर टेकवली होती. मासा लागला तर हा धरायला गेला उजव्या हातानं. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्या हातात चहाचा कप राहत नाही, काठी काय राहणार? मासा काठीसकट गेला.

शिंपी : सवयीनं तोच हात पुढे होतो, अक्के. चाळीस वर्षं कात्री त्यातच होती.

दुकानदार : म्हणजे शिवणकाम का, मास्तर? तरीच म्हटलं, मघापासून माझ्या सदऱ्याकडे बघताय.

शिंपी : तुमचा डावा खांदा अर्धा इंच उतरलाय. शिवणाऱ्यानं झाकायला हवा होता. ते असू द्या. हे तीन पायांचं उघडायचं कसं?

दुकानदार : एकदम सोपं. एका हातानं इथं घट्ट धरायचं आणि दुसऱ्यानं हा स्क्रू... हां.

शिंपी : हां.

अक्का : त्यात काय, मी येईन उघडून द्यायला. नाहीतर जावई येईल.

शिंपी : जावई नको. मागच्या खेपेला आला आणि दिवसभर इतका बोलला, की मासे समोरच्या काठाला गेले.

अक्का : जीव लावतो रे बिचारा.

शिंपी : सगळेच लावतात. एक जण बटणं लावतो, एक जण नाड्या बांधतो, मुलगी तर पेपरची पानं उलटून देते. सकाळी उठल्यावर मी करायचं असं घरात काही उरतच नाही. तळ्यावर तरी माझं मला करू दे.

अक्का : दुकानदार, आता तुम्हीच साक्षीला राहा. घरात ठरलं होतं, उरलेली काठी जावयाला देऊन टाकायची. मी सगळ्यांना थांबवलंय. म्हटलं, ह्यानं माझ्यासमोर तीन वेळा एकट्यानं सगळं मांडलं, तर रविवारी एकटा जाईल. नाहीतर पुन्हा विषय काढायचा नाही. कबूल आहे ना रे, धाकट्या?

शिंपी : कबूल म्हणून तर आलोय.

दुकानदार : मग मास्तर, आधी सांगा, काठ कसला आहे? सिमेंटचा की मातीचा?

शिंपी : मातीचा. वर गवत.

दुकानदार : मग तीन पायांचं हवंच कशाला? जिथं काही रोवता येत नाही तिथं ते.

अक्का : मघाशी तर वादळ येऊ दे म्हणत होतात!

दुकानदार : मघाशी तुम्ही भारदस्त म्हणत होतात. गिऱ्हाइकाचं एकदा मन बसलं की मी मध्ये पडत नाही. हे बघा, ह्या दोन सळया. पुढचीला वर बेचकी, तिच्यात काठी टेकते. मागचीला ही रबरी पकड, तिच्यात मूठ बसते. मासा पुढे ओढेल तर सोडणार नाही, पण सरळ वर उचलली की मोकळी. आणि खाली ही आडवी पट्टी, पाय देऊन दाबायला. हात नुसता धरायला.

शिंपी : पाय शिवणयंत्रावर तयार झालेत माझे.

दुकानदार : ह्या भोकांच्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून दाखवू?

शिंपी : दुकानात काय, सगळंच उभं राहतं. मागे माती आहे का?

दुकानदार : आहे. पण इतक्या वर्षांत मातीत लावून बघतो म्हणणारे तुम्ही पहिलेच. बाकीचे फरशीवर बघतात आणि तळ्यावर मला शिव्या देतात. चला.

(दुकानामागची मोकळी जागा. शिंप्यानं दोन्ही सळया रोवून त्यांवर दुकानातली एक काठी टेकवली आहे.)

अक्का : मांडून झालं. पण बेचकी तिरकी आहे.

शिंपी : पाण्याकडे झुकलेलीच हवी.

दुकानदार : थांबा, मी मासा होतो. दोरीचं टोक धरून ओढतो. धरा, मास्तर!

अक्का : उजवा पुढे केलास! बघितलं मी.

शिंपी : हा मोजू नकोस. पुन्हा.

अक्का : न मोजायला काय, खेळ आहे? बरं. पुन्हा पहिल्यापासून.

दुकानदार : ह्या सळया मी उपटून देतो, तुम्ही पुन्हा रोवा... झालं? ओढू? हा... ओढलं!

शिंपी : डाव्यानं उचलली. मूठ उजव्या काखेत. आता डावा हात रिळावर. फिरवतोय. या मासेराव, या जवळ.

दुकानदार : आलो, आलो! जोर आहे की!

अक्का : एक.

शिंपी : उपटून दिल्यात? ह्या परत रोवल्या. ओढा. हे बघ.

अक्का : दोन. घाम पूस.

शिंपी : नंतर. ही सळई जाईना... खाली दगड आहे.

दुकानदार : मी देतो ना जरा दाबून.

अक्का : तिथंच थांबा. तळ्यावर तुम्ही असणार आहात का?

शिंपी : दीड वीत बाजूला घेतो. गेली. ओढा.

अक्का : तीन.

दुकानदार : वा! बांधून देऊ ना मग?

अक्का : थांबा. धाकट्या, आता काढ.

शिंपी : काय?

अक्का : सळया. मघापासून हेच उपटून देताहेत. संध्याकाळी घरी यायचंय ना? का तिथंच राहायचंय, त्यांना धरून?

दुकानदार : हे खरंच माझ्या डोक्यात आलं नाही.

अक्का : तुमचं काम विकायचं. ओढ.

शिंपी : ओढतोय. पाय देऊन पार खोल घातलीय. एका हातानं... नाही येत.

दुकानदार : अक्का, एवढ्यासाठी नका अडवू. तळ्यावर कोणी ना कोणी भेटतंच.

अक्का : घरीही भेटतं. मी बोललेय सगळ्यांशी, माझा शब्द आहे तो. नाही आली तर काठी जावयाची.

शिंपी : गप्प बसा जरा दोघं. ओढून नाही यायची. उसवताना कोणी शिवण ओढत नाही, कापड फाटतं. एकेक टाका ढिला करायचा. खाली बसतो.

अक्का : पँट मळेल.

शिंपी : मळू दे. जरा इकडे. जरा तिकडे. फिरतेय. पुन्हा इकडे.

दुकानदार : मी तिकडे तोंड करून उभा राहतो. बघवत नाही.

शिंपी : आली. ही एक.

अक्का : दुसरी?

शिंपी : दम खाऊ दे. तळ्यावर कोण घाई करणार आहे? ...ही घे, दुसरी.

दुकानदार : काढलीत? दोन्ही? द्या मास्तर, पुसून नीट गुंडाळून देतो.

शिंपी : राहू द्या. माझ्या मी पुसतो. अक्के, घरी काय सांगणार आहेस?

अक्का : काय सांगायचंय? रविवारी दुपारी तुझं ताट वाढू नका, एवढंच.