डाव्या पायाचं माप

(गॅरेज, शनिवारची सकाळ. दोन दारांची लाल गाडी लिफ्टवर चढवलेली, तिचा गिअरबॉक्स खाली उतरवलेला. टेबलावर क्लचचे दोन बंद डबे, शेजारी जुनी झिजलेली प्लेट.)

मास्तर: तर चर्चा संपली. डावीकडचा डबा फोडा, मेस्त्री. शर्यतीचा क्लच. सिद्ध करायचं ते सिद्ध झालं.

मेस्त्री: शाळेत भूमिती अशीच शिकवायचात काय, मास्तर? आधी उत्तर, मग गणित?

लेक: अशीच शिकवायचा. मी बाबाच्याच वर्गात होते.

मास्तर: तू मध्ये बोलू नको. तू नुसती सोबत म्हणून आलीयस.

लेक: आईने पाठवलंय मला. म्हणाली, रिटायर झालेला माणूस आहे, गाडीला विमानाचं इंजिन बसवून घेईल. लक्ष ठेव.

मेस्त्री: डबा फोडायला मला काय? पण एकदा फोडला की दुकानदार परत घेत नाही. म्हणून आधी ऐका. उजवीकडचा डबा कंपनीचा. गाडी नवी होती तेव्हा होता तसाच. पेडल हलकं, पायाला कळतसुद्धा नाही. पण गेल्या साली तुम्ही टर्बो बदलून इंजिनाचा जोर वाढवलात.

मास्तर: तुम्ही वाढवलात.

मेस्त्री: तुम्ही मानगुटीवर बसून वाढवून घेतलात. आता तो जोर या जुन्या प्लेटला आवरत नाही. चौथ्या गिअरला दाबलं की इंजिन बोंबलतं आणि गाडी आपली आहे त्याच चालीने.

लेक: आमच्या घरासारखं. आवाज एकाचा, काम दुसरीचं.

मेस्त्री: आणि हा डावीकडचा. यातल्या प्लेटला सलग गोल अस्तर नाही, घासून पकडणाऱ्या कडक मसाल्याच्या सहा पाकळ्या आहेत. त्यांना दाबून धरणारी स्प्रिंग दुप्पट ताठ. धरली की सोडत नाही. पण पेडलही तेवढंच जड. आणि अधलंमधलं काही नाही, एक तर सुटली, नाही तर धरली. सिग्नलला गाडी बेडकासारखी उडी मारणार.

मास्तर: सिग्नलला मला कुणाला हरवायचं नाहीये. चढाच्या शर्यतीत मला त्या दातांच्या डॉक्टरला हरवायचंय. अकरा वर्षं तो माझ्या पुढे. गेल्या वर्षी फक्त चार सेकंदांनी. आता नऊ आठवडे राहिलेत.

लेक: डॉक्टर बिचारा तुझे दात किती प्रेमाने बघतो.

मास्तर: माझा जबडा उघडा असताना शर्यतीचा विषय काढतो. मला उत्तर देता येत नाही. हे काय खिलाडूपणाचं लक्षण आहे?

मेस्त्री: बरं. मग काटा काढतो.

लेक: कसला काटा?

मेस्त्री: वजनाचा. असा भिंतीला टेकवायचा. हा बाक. गाडीत बसतो तसं बसायचं आणि डाव्या पायाने काटा दाबायचा. शर्यतीच्या क्लचला वीस किलो. दाबायचं, पाच आकडे मोजेपर्यंत धरायचं, सोडायचं. असं वीसदा. जड क्लच मागायला आलेल्या प्रत्येकाचा पाय मी आधी मोजतो. लोक म्हणतात अंथरूण पाहून पाय पसरावेत. मी पाय पाहून अंथरूण घालतो.

मास्तर: हे गॅरेज आहे की दवाखाना? सोळा वर्षं गाडी तुमच्याकडे येतेय, माझा पाय कधी मोजला नाहीत.

मेस्त्री: सोळा वर्षं कंपनीचा क्लच होता. आणि दुसरंही एक कारण आहे. हे बघा, क्लचचं बेअरिंग. पेडलवर पाय पडला की याच्यावर भार येतो. प्लेट झिजली ते समजू शकतो, पण हे तापून पार निळं पडलंय. म्हणजे पाय पेडलवरून उठतच नाही. सिग्नलला न्यूट्रल करायचं सोडून क्लच दाबून बसायचं, चढावर ब्रेकऐवजी क्लचवर गाडी तोलायची. ही शिकाऊ माणसाची खोड.

मास्तर: शिकाऊ?

लेक: मी. मीच ती.

मास्तर: तू?

लेक: गाडी धुवायला मीच नेते ना. पाय ठेवून बसते मी पेडलवर. वाईट सवय आहे.

मेस्त्री: धुवायला कुठवर नेता, ताई?

लेक: कोपऱ्यापर्यंत.

मेस्त्री: महिन्यातून कितीदा?

लेक: एकदा. कधी कधी दोनदा.

मेस्त्री: कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊन बेअरिंग निळं. पायात काय भट्टी आहे का तुमच्या?

लेक: सीटमुळेही होत असेल. सीट हलवायची आम्हाला परवानगी नाही. बाबाने सीटखालच्या पट्टीवर पांढऱ्या रंगाची रेघ मारलीय. रेघ सोडून सीट बोटभर जरी सरकली तरी घरात सुनावणी होते. मी पाठीमागे दोन उशा घेऊन चालवते.

मास्तर: चालवणाऱ्याचं अंतर एकदा ठरलं की ठरलं. त्यात मतदान नसतं.

मेस्त्री: मग आधी तुम्हीच बसा, ताई. हं, टाच इथे. दाबा.

लेक: असं?

मेस्त्री: सव्वीस. एवढं नको, वीसवर धरा. सोडा. पुन्हा. चालू ठेवा, मी मोजतो... अठरा, एकोणीस, वीस. दुखलं कुठे?

लेक: नाही. आणखी करू?

मेस्त्री: नको, भिंत माझी आहे. हा पाय पेडलवर विसावा घेणारा नाही. या मास्तर, तुमची पाळी.

मास्तर: ती तरुण आहे. तुलनाच चुकीची आहे. पण ठीक आहे, हे घ्या.

मेस्त्री: मास्तर, तो उजवा.

मास्तर: काय फरक पडतो? दोन्ही माझेच आहेत.

लेक: बाबा, क्लच उजव्या पायाने दाबतोस तू?

मास्तर: बरं. हा डावा. मोजा.

मेस्त्री: वीस. धरा. सोडा. एक झालं. वीस. धरा. दोन. तीन. चार, जरा कमी पडतंय, सतरा. पाच, चौदा. सहा... मास्तर?

मास्तर: बास.

लेक: बाबा, ओठ का चावतोयस?

मास्तर: काटा बिघडलाय.

लेक: काट्याला घाम नाही आलेला.

मेस्त्री: कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, मास्तर. कधीपासून आहे हे?

मास्तर: सात-आठ महिने. गुडघा. आधी जिन्यावर दुखायचा, मग पेडलवर दुखायला लागला. एकदा पाय उचलला की पुन्हा दाबायचा धीर होत नाही. म्हणून तिथेच ठेवतो. शिकाऊ म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा.

मेस्त्री: तो शब्द मी परत घेतो.

मास्तर: आणि तू कशाला आळ अंगावर घेतलास गं?

लेक: कारण मला माहीत होतं. जिना चढताना तू प्रत्येक मजल्यावर थांबून शेजाऱ्यांच्या कुंड्यांचं कौतुक करतोस. तुला झाडं आवडत नाहीत, बाबा.

मास्तर: आईला सांगितलंस?

लेक: आईनेच मला सांगितलं.

मास्तर: मग मला कोणीच कसं बोललं नाही?

लेक: आई म्हणाली, बोललो तर ते गाडी विकतील आणि दिवसभर घरात बसून आपल्यालाच भूमिती शिकवतील.

मास्तर: मला तीच धास्ती होती. पाय गेला की गाडी गेली. गाडी गेली की मी नुसता पेन्शनर. म्हणून सगळ्यात जड डबा मागत होतो. वाटलं, एवढा जड क्लच मागणाऱ्याला पाय कसा आहे म्हणून कोण विचारणार?

लेक: हे कुठल्या प्रमेयात बसतं?

मास्तर: कुठल्याच नाही.

मेस्त्री: हे दोन्ही डबे मी उचलून ठेवतो. तिसरा एक प्रकार आहे, पण तो मागवावा लागेल. दोन प्लेटांचा क्लच. एकाच प्लेटने सगळा जोर धरायचा तर तिला आवळायला स्प्रिंग ताठ लागते. तोच भार दोन प्लेटांत वाटून दिला की एवढं आवळायला लागत नाही. गादी एकट्याने जिन्यावरून चढवून बघा, आणि दोघांनी चढवून बघा. पकड शर्यतीचीच राहते, पेडल मात्र नऊ किलो.

मास्तर: नऊ? मग हे आधी का नाही सांगितलंत?

मेस्त्री: तुम्ही आधी उत्तर सांगून बसला होतात. बसा परत. नऊवर दाबा.

मास्तर: थांबा, मीच मोजतो. एक. दोन. तीन... हे जमतंय. दहा. अकरा... अरे, हे खरंच जमतंय.

लेक: बोलू नकोस, दाब.

मास्तर: एकोणीस. वीस. दुखतंय, नाही म्हणत नाही. पण माझ्यात आणि दुखण्यात समझोता होऊ शकतो.

मेस्त्री: समझोता डॉक्टरसमोर करा. गुडघ्याच्या, दातांच्या नव्हे. त्याने हो म्हटलं तर चढाची शर्यत चारेक मिनिटांची, तेवढं निघून जाईल. पण माझी एक अट आहे. नव्या प्लेटा एकमेकींना रुळायला लागतात. आठशे किलोमीटर, गावात, गर्दीत, थांबत-निघत, सावकाश. एकदाही दामटायची नाही. त्यात क्लच हजारो वेळा दाबायचा असतो. ते या गुडघ्याने करायचं नाही.

मास्तर: मग कोणी करायचं?

मेस्त्री: ताई कामाला कशाने जातात?

लेक: बसने. जाऊन येऊन चोवीस किलोमीटर. अख्खा रस्ता गर्दी.

मास्तर: आठशे भागिले चोवीस. चौतीस दिवस. नऊ आठवड्यांतले दोन माल यायला आणि बसवायला गेले. उरले सात. आठवड्याचे पाच दिवस काम, म्हणजे पस्तीस. एक दिवस हातात राहतो.

लेक: हे तू आत्ता तोंडी केलंस?

मास्तर: करावं लागतं. मेस्त्री, मागवा तो डबा. बेअरिंग आणि तेलाचं सीलही नवं घाला.

मेस्त्री: गिअरबॉक्स उतरवलाय म्हटल्यावर ते सांगावं लागत नाही.

लेक: पण दोन उशा पाठीला घेऊन रोज चोवीस किलोमीटर? मेस्त्री, मग पुढच्या खेपेला तुम्ही माझी पाठ मोजाल.

मेस्त्री: रेघेचं तुमचं तुम्ही बघा. मी गाडीच्या खालचा माणूस.

लेक: बाबा, रेघ पुसायची?

मास्तर: मुळीच नाही. ती शर्यतीच्या दिवसाची जागा आहे.

लेक: म्हणजे उशाच.

मास्तर: उशा घरी ठेव. रेघेपासून सीट पुढे घे. सहा खाचा. सातवी नाही, सातवीला गुडघा स्टिअरिंगला लागेल तुझा.

लेक: हे तुला कसं माहीत?

मास्तर: तिथेही रेघ आहे. हिरवी. पट्टीच्या खालच्या अंगाला, वरून दिसत नाही.

लेक: कधी मारलीस?

मास्तर: तू पहिल्यांदा गाडी धुवायला नेलीस ना, त्याच संध्याकाळी.