उलटं दार

ताई : कान लाव दाराला. काही ऐकू येतंय?

धाकटा : नळ वाहतोय तेवढा. बाबा! ओ बाबा!

ताई : धप्पकन आवाज आला, "आई गं" म्हणाले, आणि मग गप्पच! अरे मोड ना दार! नुसता खांदा काय घासत बसलायस?

धाकटा : मोडू कसं? आतून कडी आहे, आणि बाहेर उघडणारं दार आहे हे. ढकलावं तर चौकटीवरच आपटतंय.

ताई : बसवलं कुणी बाहेर उघडणारं? सगळ्या जगाची न्हाणीघरं आत उघडतात, आमचंच मेलं उलटं!

धाकटा : पंधरा वर्षांचा होतो गं! नुकताच सुतारकामाला लागलो होतो. पहिलं दार माझं.

ताई : तुझे मिस्त्री फुकटात फिरवून देणार होते. पण बाबा ऐकतील तर शपथ! "माझ्या पोरानं बसवलंय, कुणी हात लावायचा नाही." भोगा आता!

धाकटा : अँब्युलन्सचं काय?

ताई : निघालेत म्हणे. कधी पोचणार, देव जाणे. अरे, काहीतरी कर रे! माझा जीव चाललाय इथे.

धाकटा : थांब. बाहेर उघडतं, म्हणजे... ताई, बिजागऱ्या आपल्या बाजूला आहेत! पिना ठोकून काढता येतील. हातोडी आण!

ताई : तुझी पेटीच आणते, कॉटखालची.

धाकटा : ती अजून आहे?

ताई : बाबा तेल लावून ठेवतात हत्यारांना. तू इकडे फिरकला नाहीस तरी. हे घे.

धाकटा : आधी खालची पिन, वरची शेवटी. नाहीतर दार अंगावर येतं... शी! घाव भलतीकडेच बसला. इतकी वर्षं ऑफिसात कीबोर्ड बडवला, दुसरं काय केलं मी?

ताई : मिस्त्री काय सांगायचे?

धाकटा : घाईत घाव घातला की पिन वाकते. आणि वाकलेली पिन बापालाही ऐकत नाही.

ताई : मग श्वास घे, आणि सरळ मार.

धाकटा : निघाली! आता मधली... ही रंगानं धरलीय.

ताई : दर वेळी रंग मीच फासला रे त्यावर! मेले मी!

धाकटा : रडू नकोस, पटाशी दे. रंग खरवडतो. तू बाबांशी बोलत राहा.

ताई : बाबा, ऐकताय ना? सकाळी भांडलात ना त्याच्याशी, "तुझ्या घरी राहायला येणार नाही" म्हणून? नका जाऊ. कुठ्ठे जाऊ नका. नुसतं हूं म्हणा हो, बाबा!

धाकटा : मधली सुटली. वरची... आली! धर तिकडून. ओढ!

(दार बाजूला होतं. नळ बंद होतो.)

ताई : अगं आई गं, रक्त!

धाकटा : श्वास चालू आहे, ताई! चालू आहे! मान हलवू नकोस त्यांची. बाबा, डोळे उघडा. मी आहे.

बाबा : ...ठोकत कोण होतं?

ताई : धाकटा हो, बाबा. दार काढलं त्यानं.

बाबा : पिना... वाकवल्यास का?

धाकटा : नाही, बाबा. एकही नाही.

ताई : खाली भोंगा वाजतोय. आले वाटतं! मी जाते, वाट दाखवते त्यांना.

धाकटा : बाबा, तुम्ही बरे होऊन घरी या. तोवर दार सरळ करून ठेवतो.

बाबा : खबरदार. होतं तसंच बसव.