समीक्षाचं लॉगिन

समीक्षा : तीनदा टाकून पाह्यला पासवर्ड. घेऊनच नाई राह्यला. मंदारदादा, तुमचं चालू हाय ना?

मंदार : चालू आहे. तू बस आधी.

समीक्षा : बसते मंग. काल आपलं नवं सॉफ्टवेअर दाखवलं, एवढं मस्त चाललं, अन् आज सकाळीच बिघाड? दवाखान्याचे संचालक समोर, नागपूरचे साहेब लोक समोर. नाव टाकलं, मेमरी टाकली, बटन दाबलं, अन् चहा संपायच्या आत सर्व्हरच्या पोटात नवीन मशीन तयार, वेगळा डब्बा नाई का वायर नाई! याच कामात पह्यले माहा अर्धा दिवस जाये.

मंदार : बिघाड नाही. तुझं लॉगिन बंद केलं आहे.

समीक्षा : कोणं?

मंदार : मी.

समीक्षा : थट्टा नका करू, दादा.

मंदार : एक तारखेपासून आपली सर्व्हर रूम नागपूरची कंपनी चालवणार. तिथूनच, बसल्या जागी. नवी मशीन उभी करायची, जुनी काढायची, सगळं. इथे माणूस लागणार नाही. त्यांनी आधीच सांगितलं होतं, इथली लॉगिन बंद झाली पाहिजेत.

समीक्षा : केव्हा केलं?

मंदार : काल संध्याकाळी.

समीक्षा : काल संध्याकाळी तं मी इथंच होती.

मंदार : तू पेढे आणायला गेली होतीस.

(समीक्षा उठून दार लोटून घेते.)

समीक्षा : अन् माह्या हातचा पेढा खाल्ला तुमी. गौरीवहिनीसाठी दोन बांधून नेले.

मंदार : सगळ्यांसमोर काय बोलणार होतो मी?

समीक्षा : हे ठरलं केव्हा?

मंदार : तसं म्हणशील तर... दिवाळीच्या आसपास.

समीक्षा : अन् हे सॉफ्टवेअर बसवायले घेतलं संक्रांतीनंतर. म्हंजे मी रविवारी रविवारी बोरीहून यष्टीनं येऊन इथं बसून राह्यली होती, तवा तुमाले सगळं मालूम होतं. 'समीक्षा, असं बनव का कोणालेही चालवता आलं पाह्यजे.' हे कायले सांगून राह्यले होते, थे आता समजलं मले.

मंदार : अगं, चांगली सिस्टिम तशीच असते. त्यात चुकीचं काय सांगितलं?

समीक्षा : चुकीचं नाई. अर्धं सांगतलं.

मंदार : मला वाटलं, आपल्या दोघांनाही घेतील. शेवटी म्हणाले, एकच जागा आहे.

समीक्षा : मंग तुमी चालले नागपूरले.

मंदार : पुढच्या आठवड्यात. आमच्या शाल्मलीच्या शाळेचंही पाहायचं आहे तिथे.

समीक्षा : मले पुण्याहून नोकरीचं बोलावणं आलतं. तयारी झालती माही. तुमी घरी आले, बाबाच्या बाजूले बसले, म्हणे, काका, पोरीले कायले एवढं दूर पाठवता, यवतमाळातच तिच्या हातून मोठं काम होते. बाबानं मले एका शब्दानं नाई विचारलं. तुमी म्हणून राह्यले म्हणून हो म्हटलं.

मंदार : तेव्हा मी मनापासून बोललो होतो गं.

समीक्षा : नागपूरच्या साहेबानं विचारलं असन ना, हे कोणं बसवलं म्हणून?

मंदार : विचारलं.

समीक्षा : काय सांगतलं?

मंदार : टीमनं.

समीक्षा : टीममधी कोण होतं, दादा?

मंदार : समीक्षा, प्लीज.

समीक्षा : राहू द्या. एक सांगा, जुना सर्व्हर केव्हा काढून राह्यले?

मंदार : आज दुपारी. सगळं नव्यावर आलंय ना?

समीक्षा : लॅबचं नाई आलं. रिपोर्टवाली मशीन अजून जुन्यावरच हाय, या रविवारी हलवणार होती मी. आज बंद कराल तं डायलिसिसवाल्याइचे मागचे रिपोर्ट डॉक्टरले दिसणार नाईत. पह्यले कॉपी घ्या, मंग हलवा, चालून पाहा, अन् मंगच जुना काढा.

मंदार : बापरे. तू बोलली नसतीस तर माझं काही खरं नव्हतं.

समीक्षा : हो. नव्हतंच.

मंदार : मग सांगितलंस का?

समीक्षा : आमच्या शेजारची रामीबाई मंगळवारी येते इथं डायलिसिसले. तिनं तं काही केलं नाई ना माहं.

मंदार : मी आजच बोलतो त्यांच्याशी. सांगतो, सगळं समीक्षानं उभं केलं म्हणून.

समीक्षा : आता नका सांगू. आता सांगून फक्त तुमाले बरं वाटन.

मंदार : घरी काय सांगशील?

समीक्षा : तुमी नागपूरले चालले, एवढंच सांगीन आज. बाबा खूश होतीन. म्हणतीन, जायच्या आधी मंदारले जेवाले बोलाव.

मंदार : आणि तू?

समीक्षा : मी करीन फोन त्याइच्या समोर. तुमी काहीतरी कारण सांगा, दादा. येऊ नका.