जुन्या इशाऱ्यांचा मजकूर

साहेब : आणि एकेचाळीस नंबरच्या इशाऱ्याला काय लिहिलंस?

प्रोग्रामर : काही नाही. आहे तेच आहे. ‘तपासणी एकेचाळीस अयशस्वी.’

साहेब : मग लिही ना! ‘पेशंटच्या रिपोर्टांचा बॅकअप बंद. ताबडतोब वरिष्ठांना कळवा.’

प्रोग्रामर : कंट्रोल रूमचे काका वर्षभर हेच सांगत होते, साहेब. नुसत्या आकड्यावरून काय बिघडलंय ते कळत नाही, तिथं चार शब्द लिहा. तुम्ही म्हणालात, वेळ नाही.

साहेब : आता आहे वेळ.

प्रोग्रामर : आता रिपोर्ट कायमचे गेलेत.

साहेब : म्हणूनच. उद्या चौकशी आहे.

प्रोग्रामर : पण आज मजकूर बदलला, की जुन्या इशाऱ्यांवरही तोच दिसायला लागतो. काकांनी गेल्या आठवड्यात ओके दाबून बंद केला, त्याच्यावरसुद्धा.

साहेब : दिसू दे की.

प्रोग्रामर : एकेचाळीस उगाच बोंबलतो, आला की ओके दाबा, हे तुम्हीच सांगितलं होतं त्यांना!

साहेब : तोंडी.

प्रोग्रामर : त्यांची नोकरी जाईल हो. मला किळस येतेय याची.

साहेब : कुणाची तरी जाणारच. मजकूर लिहिणं कुणाचं काम होतं, असं उद्या विचारलं तर कुणाचं नाव घेऊ? तूच सांग.

प्रोग्रामर : ‘वरिष्ठांना’ लिहू की ‘साहेबांना’?

साहेब : ‘वरिष्ठांना’ बरं दिसतं.

(दुसऱ्या दिवशी दुपारी, चौकशीच्या खोलीबाहेरच्या बाकावर.)

काका : बस गं पोरी. झालं एकदाचं.

प्रोग्रामर : काय म्हणाले आत?

काका : म्हणतात काय! पडद्यावर दाखवलं. ढळढळीत लिहिलेलं, ‘बॅकअप बंद, ताबडतोब कळवा’, आणि खाली माझं ओके. उद्यापासून येऊ नका म्हणाले.

प्रोग्रामर : तेव्हा असं काही लिहिलेलं नव्हतं, हे नाही बोललात?

काका : कुठल्या तोंडाने बोलू? मीच तुमच्या मागे लागलो होतो लिहा म्हणून. तू मनावर घेऊन लिहिलंस, आणि मीच वाचलं नाही. तुझ्या मेहनतीवर पाणी ओतलं मी.

प्रोग्रामर : काका, असं नका ना बोलू.

काका : डॉक्टर मोतीबिंदू म्हणाला होता. घरी लपवलं, म्हटलं निभेल. पण एवढ्या मोठ्या अक्षरातलं दिसू नये? असं होतं का गं कधी?

प्रोग्रामर : डोळे एकदा दाखवून घ्या, काका.