गोपिकी

थांब, चहाचं नंतर सांग, पयले ऐक नं वं पिंके, आत्ता काय झालं ते — मी सरळ धरणावरून येऊन राहिली, मनीषनगरले घरी पण नाही गेली, हे बघ, चपलेले गाळ तसाच आहे.

माझं ते झाड माहीत आहे नं तुले? अगं तेच, ज्याच्यामागं तीन वर्ष गेले माझे — धरण झालं तवा टेकडी बुडाली, शेंडा तेवढा वर राहिला, त्याचं झालं बेट, अन् त्या बेटावर एका धावड्याच्या मुळावर उगवते ते. पान नाही, हिरवं काहीच नाही, नुसतं बोटभर गुलाबी फूल मातीतून वर. दुसरीकडं कुठंच सापडलं नाही अजून. हो, तेच, तू मशरूम म्हणून हासली होती ते.

तं आज नवीन जात म्हणून छापून आलं नं ते! अन् नाव मी चंद्रभानकाकाच्या पोरीचं देलं — चंद्रभानकाका वं, मले डोंग्यातून बेटावर नेते ते. गोपिका त्यांची मोठी. सासरच्यानं घरी आणून सोडली, अन् वर्षभरात तापानं गेली. म्हणून शास्त्रातलं नाव 'गोपिकी', म्हणजे गोपिकेचं. आमच्या सरले त्यांच्या बायकोचं पाहिजे होतं, मी भांडली सरसोबत! काहून? तं म्हटलं त्या माणसाले बरं वाटेल.

पेढे घेऊन गेली, छापलेले कागद घेऊन गेली. डोंग्यातच वल्हं ठेवून काकानं दुपट्ट्याले हात पुसले, म्हणे, माझी पोरगी कुठी आहे यात? मी अक्षरं दाखवली. त्यायनं त्यावर बोट ठेवलं, अन् ठेवूनच राहिले — वाचता नाही येत त्यायले. मंग म्हणे, दीक्षाबाई, हे झाड करते काय? अन् मी, माहीत आहे नं मी कशी, झाली सुरू — काका, कमाल आहे, हे सोताचं अन्न बनवतच नाही, दुसऱ्याच्या मुळात घुसते अन् त्याचंच खाते!

बोट उचललं त्यायनं. म्हणे, म्हणजे बांडगूळ.

मी म्हटलं तसंच, पण हे मुळावरचं — म्हणे, बाई, आंगणात उभं राहून जावई हेच बोलला होता. ठेवा तुमचं बांडगूळ. तू बी माह्या पोरीले नावंच ठेवली नं?

मी नाव ठेवलं, अन् त्यायनं नावं ठेवली ऐकलं — अन् चूक तरी काय ऐकलं! आमच्या आजीचं नाव कचरी होतं. छप्पनले दीक्षा घेतली तवा सहा वर्षाची पोट्टी ती, तिच्या बापानं तिचं नाव माया केलं. म्हणून तं मी दीक्षा. नाव किती टोचते हे आमच्या घरी कोणाले शिकवा लागत नाही — अन् मीच —

अंगावर नको घेऊ म्हणते काय? घेईन नं मी! तुले वाटते मले माहीत नव्हतं? सांगितलं होतं काकानं. दोन वर्षाआधी, डोंग्यातच, जावयाचं ते सगळं. मी फुलाचं माप लिहून राहिली होती वहीत. 'हो का काका' म्हटलं. वर पण नाही पाहिलं. अन् झाड कसं आहे विचारलं की दरवेळी मी म्हणो, लई सुंदर आहे काका. खाते काय ते कधीच नाही सांगितलं.

मंग आज काका म्हणे, खोडता येते? आता तुले सांगते, नियमच आहे, एकदा छापलं का संपलं. नाव पटलं नाही म्हणून बदलत नाही, मी मेली तरी तेच राहीन. अन् मी म्हटलं — येते काका. खोडतो.

म्हणे, कागद एवढेच आहेत नं? म्हटलं, एवढेच. चार घड्या करून खिशात टाकले त्यायनं. पेढा नाही घेतला. पण काठावर आणून सोडलं मले, म्हणे, जपून जाजो.

लहान पोरगी मिनल अकरावीले आहे त्यांची, मोबाईल आहे तिच्याजवळ. कधी तं बहिणीचं नाव टाकीन नं ती त्यात? मंग वाचून दाखवीन बापाले.

बोल नं वं. तो माणूस समोर बसून, कागद हातात, अन् विचारते, खोडता येते? — तू काय म्हटलं असतं?